कोठाराची किल्ली कुणाकडे

प्रश्न समाजकार्य शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. सोलापूर जिल्ह्यातली दोन शेजारची गावं तिनं प्रकल्पासाठी घेतली आहेत. पाऊस सारखा, जमीन सारखी. रेशन, अंगणवाडी, रोजगार हमी दोन्हीकडे आहे. तरी एका गावात आषाढ-श्रावणातही घरात दाणा असतो आणि दुसऱ्या गावात उसनवारी चालते. योजना त्याच असताना हा फरक कुठून आला? पुस्तकात त्याला ‘संस्थात्मक घटक’ म्हटलंय, ते गावात गेल्यावर ओळखायचे कसे?

मी पुरवठा खात्यात गोदामपाल म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळं मी सांगणार ते पोत्यांच्या बाजूनं, आणि थोडं एकांगी असेल.

संस्था म्हटलं की आपल्याला इमारत, पाटी आणि अध्यक्षांचा फोटो दिसतो. ते सोडून द्या. दार कधी उघडायचं हे कोण ठरवतं, वहीत नाव कोण घालतं आणि नाव नसेल तर कुणाला विचारायचं, एवढं बघा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडं शाळकरी पोराला माहीत असते. दुर्गादेवीचा दुष्काळ, बेदरच्या बादशहाचं धान्य कोठारात भरलेलं आणि दाराशी माणसं उपाशी. पंतांनी कोठारं खुली केली. मग विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला, पैसे भरले आणि पावती घेतली. कीर्तनकार विठूवर रंगतात. माझं लक्ष नोकरीच्या सवयीनं पावतीवर जातं. धान्य होतं, किल्ली भल्या माणसाकडं होती, पण वाटायची सोय नियमात नव्हती. म्हणून पंतांच्या पायात बेड्या आणि सुटकेला देव लागला. आपल्या पुष्कळ योजना अजून एखाद्या दामाजीवर चालतात. त्याची बदली झाली की गाव पुन्हा आपल्या मूळपदावर.

आता तुमच्या दोन गावांसारखीच माझी दोन गावं. नावं सांगत नाही. दोन्हीकडं तीनशेच्या आसपास कार्डं. एका गावाचं दुकान महिला बचत गटाकडं, दुसऱ्याचं एका किराणा दुकानदाराकडं. महिन्याच्या अहवालात दोन्ही दुकानांचं वाटप जवळपास सारखंच दिसायचं. मीही बरीच वर्षं तो अहवाल बघून सही करत होतो.

एकदा किराणावाल्याच्या गावात जीप बंद पडली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच अडकलो. द्वारपोचची, म्हणजे गोदामातून दुकानापर्यंत धान्य पोचवणारी गाडी आदल्या दिवशी येऊन गेलेली. दुकान सकाळी दहाला उघडलं आणि एकला बंद झालं. त्या वेळात बाया खुरपणीला रानात. ज्या आल्या त्यांचा अंगठा मशीनवर घेतला आणि ‘माल परवा ने’ म्हणून सांगितलं. परवाचे वीस किलो अठरा होतात, हे त्या बाईलाही ठाऊक आणि मलाही. मी एका म्हातारीला विचारलं, तक्रार का करत नाही? ती म्हणाली, ‘साहेब, श्रावणात तेल-मीठ उधार तुम्ही देणार का?’

या एका वाक्यानं मला माझ्या खात्याबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. रेशन देणारा आणि उधारी देणारा माणूस एकच. रेशनमध्ये दोन किलो मारतो, पण रोजगार नसलेल्या दोन महिन्यांत चूल तोच पेटती ठेवतो. तिच्या हिशेबानं ते दोन किलो म्हणजे उधारीचं व्याज. गावात दक्षता समिती होती, तिच्या बैठकांचं इतिवृत्त होतं, त्यावर सह्या होत्या. पण त्या समितीतली निम्मी घरं त्याच वहीत देणेकरी. तिथं दक्षता कोण घेणार?

बचत गटाच्या गावात बायांना गटातूनच हजार-दोन हजारांचं कर्ज मिळायचं. त्यामुळं रेशनच्या दुकानात त्या गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहायच्या, देणेकरी म्हणून नाही. गाडी आली की देवळाच्या स्पीकरवर पुकारा व्हायचा आणि दुकान दिवेलागणीनंतर उघडं असायचं, कारण दुकान चालवणारीही दिवसा रानातच असायची. योजनेच्या कागदात यातलं काही नव्हतं.

म्हणून बचत गटाला दुकान दिलं की प्रश्न सुटला, असं मात्र लिहू नका. गटाचं नाव बायांचं आणि किल्ली सरपंचाच्या भावाकडं, हाही प्रकार मी चिकार पाहिलाय. आणि किराणावाल्याचीही एक बाजू आहे. तीनशे कार्डं म्हणजे बाराशे माणसं धरा. माणशी पाच किलोनं साठ क्विंटल. वर्षानुवर्षं कमिशन होतं क्विंटलला दीडशे रुपये, म्हणजे महिन्याला नऊ हजार. त्यात जागा, लाईट, मापाडी आणि पोत्यातली तूट. महिनाभर दुकान उघडं ठेवून प्रामाणिक राहा, असं नऊ हजारांत सांगणं म्हणजे वरच्यानंच खालच्याला वाट दाखवणं.

वहीत नाव घालण्याची गोष्ट याहून अवघड आहे. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. महाराष्ट्रात तो 2014 च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, प्राधान्य कुटुंबातल्या माणशी 5 किलो, आणि 2023 पासून फुकट. हे सगळ्यांना माहीत असतं. लोकांना माहीत नसतो तो इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या. राज्यातल्या ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोकांनाच लाभ, आणि तोही 2011 च्या जनगणनेवर मोजलेला. तालुक्याचा इष्टांक भरला की नवीन नाव घ्यायला आधीचं कुणी तरी मरावं लागतं नाहीतर वगळावं लागतं. गावात सून येते, नातू होतो. त्यांची नावं ‘इष्टांक शिल्लक नाही’ या तीन शब्दांवर थांबतात.

वर उत्पन्नाची मर्यादा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला 44 हजार आणि शहरात 59 हजार. रोज तीनशे रुपयांनी दीडशे दिवस काम करणारी एकटी बाई 45 हजार कमावते, म्हणजे नियमानं ती बाहेर. मग तलाठी डोळे मिटून दाखला देतो आणि सगळं चालतं. पण ते ‘चालतं’ त्याच्या मर्जीवर. हक्काचं रूपांतर उपकारात होतं ते असल्या ठिकाणी, आणि त्यात तलाठ्याचा दोष सर्वांत कमी.

सोलापूर शहरालगत याचं आणखी एक रूप आहे. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीला विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. पुढं रे नगर झालं, तीस हजार घरांचं. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली. देशात कामगारांसाठी इतकं मोठं घरबांधणीचं काम क्वचित झालं असेल, आणि ते लढून मिळवलेलं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण शहरातली बाई कुंभारीला राहायला गेली की ती शहराच्या अन्नधान्य वितरणातून तालुक्याच्या वहीत जाते. तिची मर्यादा 59 वरून 44 हजारांवर येते. विड्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच, फक्त हद्द बदलली. त्यात तंबाखूनं आणि विडीची पानं हाताळून बोटं घासलेली, मशीनवर थम लागत नाही. घर मिळालं आणि पुढचे चार महिने धान्य जुन्या पत्त्यावर, असं झालेल्या बाया माझ्या माहितीत आहेत. बसभाडं साठ रुपये घालून त्या जुन्या गल्लीतनं पिशवी आणायच्या.

हद्दीचा विषय निघालाय तर बार्शीकडं चला. बार्शीची शीव ओलांडली की धाराशिव. दोन्हीकडं तेच रान, तीच तूर. पण धाराशिव शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत येतो, सोलापूर येत नाही. त्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी धान्य मिळायचं. 2023 पासून त्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये, पुढं एकशे सत्तर, खात्यात. खातं घरातल्या बाईच्या नावे, हे चांगलं केलं. पण पैसे खात्यावर कधी येतील याची तारीख कुणी सांगू शकत नाही. धान्याची गाडी निदान डोळ्यांना दिसते, तिच्यामागं गाव धावतं. खात्यात न आलेल्या पैशामागं कोण धावणार? पैसा की धान्य, या वादात मी पडत नाही. जे वेळेवर येतं ते बरं, एवढंच माझं मत.

आता ज्वारीकडं येतो, कारण सोलापुरात अन्नाची गोष्ट रेशनवर संपत नाही. उजनीचं पाणी आलं आणि जिल्हा सुधारला, हे खोटं नाही. एकशे सतरा टीएमसीचं धरण.  पाण्याबरोबर ऊस आला. ऊसवाल्याला लोक लोभी म्हणतात, मला ते पटत नाही. शेतकरी पीक निवडत नाही, तो पिकामागची व्यवस्था निवडतो. उसाला केंद्र सरकारनं ठरवलेला एफआरपी, म्हणजे किमान दर आहे. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, उशीर झाला तर व्याजाची तरतूद आहे. कारखानदार ते पाळत नाहीत हा भाग वेगळा, पण थकलं तर मोर्चा कुठं काढायचा ते गेट माहीत आहे. सोसायटीचं पीककर्ज ऊसबिलातून कापून घेता येतं म्हणून सोसायटीही उसाला कर्ज द्यायला पुढं. तोडायला टोळी कारखाना पाठवतो. शेतकऱ्यानं फक्त नोंद करायची.

ज्वारीच्या मागं यातलं काय आहे? मालदांडी 35-1 हे वाण इथल्याच मोहोळच्या शेतकी केंद्रात 1930 च्या दशकात निवडून काढलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, सोलापुरात रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. बियाणं आहे, शास्त्र आहे, नाव आहे. हमीभावही आहे, 2024-25 ला मालदांडीचा 3421 रुपये, संकरितपेक्षा पन्नासच रुपये जास्त. पण दारात येऊन घेणारा कोण? खरेदी केंद्राची नोंदणी ऑनलाइन, ओलाव्याची अट, बारदान आलं नाही, केंद्र उघडायला उशीर. तोवर सावकाराचा किंवा सोसायटीचा मार्च महिना उभा राहतो आणि माल व्यापाऱ्याकडं जातो. शिवाय ज्वारी काढायची म्हणजे बुडख्यातनं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. हात सोलून निघतात. त्याला आता मजूर मिळत नाही. कडब्याला चांगला दर आला म्हणून ज्वारी टिकली. जनावराच्या वैरणीनंच माणसाची भाकरी वाचवली म्हणा.

आणि इथं रेशनची बाजूही आहे. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोनं द्यायची सोय होती. प्रत्यक्षात आमच्या गोदामात आलं ते गहू आणि तांदूळ. पंजाबकडचा गहू माझ्या गोदामातून मंगळवेढ्याला, ज्वारीच्या कोठाराला, मी स्वतः पाठवलाय. फुकट गहू घरात असताना चाळीस-पन्नासची ज्वारी कोण खाईल? पिकवणारा गव्हाची चपाती खातो, मालदांडी विकतो, आणि पुण्यामुंबईचा माणूस साखर वाढली म्हणून तिची भाकरी खातो. अक्कलकोटच्या लोकांचे सोयरे सीमेपलीकडं कर्नाटकात आहेत. तिकडच्या उत्तर भागात रेशनवर तांदळाबरोबर ज्वारी दिली जाते, हे ते आम्हाला सांगायचे. ‘त्यांना जमतं, तुम्हाला का नाही?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं तर होतं. आपल्याकडं खरेदी करणारं खातं वेगळं, वाटणारं वेगळं आणि दोघांची तारीख जुळवणारं कुणी नाही. ज्वारीला किडा लवकर लागतो. तीन महिने फाईल फिरली की पोत्यात पीठ. आमच्याकडंही मधूनमधून ज्वारी आली, पण लोकांनी तिची वाट बघावी अशी कधीच नाही.

उसाचं दुसरं टोक म्हणजे तोडणारी माणसं. बीडकडच्या टोळ्या दिवाळीनंतर माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या फडांवर येतात. कार्ड गावाकडच्या दुकानाचं. आता देशात कुठंही धान्य घेता येतं, कायद्यानं हक्काचं आहे. मी स्वतः एका जोडप्याला घेऊन दुकानात गेलो. मशीनवर अंगठा लागला, त्यांचा कोटा स्क्रीनवर दिसला, वीस किलो. दुकानदार म्हणाला, ‘दिसतंय हो, पण माझा साठा माझ्या गावापुरता. ह्यांना दिलं तर गावातल्या कार्डाला कमी पडलं, मग माझ्या दारात भांडण.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याचं नियतन, म्हणजे महिन्याचा मंजूर साठा, पाहुण्यांना धरून येत नाही. पुढच्या महिन्यात भरून मिळेल असं वरून सांगतात, पण तो भरवसा त्याला अनुभवानं नाही. मग टोळी आणणाऱ्या मुकादमानं दुकानदाराशी बोलून दर महिन्याला कोपीमागं, म्हणजे फडावरच्या झोपडीमागं, ठरावीक धान्य सोडवून घेतलं, आणि त्याचे पैसे मजुरांच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, लावले. फुकटचं धान्य मुकादमाच्या वहीत कर्ज झालं. योजना कुठं चुकली? कुठंच नाही. ती जिथं संपते तिथून पुढं मुकादमाचं राज्य सुरू होतं.

अंगणवाडीबद्दल थोडक्यात, तो माझा प्रांत नाही. लहान बाळांसाठी घरी द्यायच्या आहाराच्या पाकिटांबद्दल गावोगाव एकच ऐकलंय, ‘म्हशीनं पण तोंड लावलं नाही’. हे काम ठेकेदारांना देऊ नका, बचत गटांना द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी निविदेत उलाढालीच्या अशा अटी आल्या की गावातला गट दारातच अडावा. त्या अटींवरची राज्याची निविदा 2019 मध्ये न्यायालयानं रद्द केली. उलट अंगणवाडीत शिजणाऱ्या खिचडीवर गावाची नजर असते. करपली तर त्याच दिवशी आया भांडायला येतात. पाकिटाशी भांडायला कारखान्यापर्यंत कोण जाणार?

रोजगार हमीचं सांगून थांबतो. 1972 चा दुष्काळ माझ्या आईनं खडी फोडून काढला. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि सुकडी तिच्या बोलण्यात कायम असायची. वि. स. पागे यांची कल्पना, 1977 चा कायदा, 1979 पासून अंमल. त्या कायद्याची ताकद कामांच्या यादीत नव्हती. ‘मी काम मागितलं, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर भत्ता द्या’ असं मजुराला म्हणता येणं, ही ताकद होती. नोकरदारांच्या पगारातून व्यवसायकर कापून त्याला पैसा दिला, म्हणजे शहरानं गावाचा दुष्काळ वाटून घेतला. पुढं कायदे बदलले, नावं बदलली. पण मी ज्या गावांत हमीचं काम खरोखर चाललेलं पाहिलं, तिथं एक गोष्ट हटकून असायची. मागणीचा अर्ज घेतला की तारखेची पावती मिळायची. जिथं ग्रामरोजगार सेवक ‘राहू द्या, मी नोंदवतो’ म्हणायचा, तिथं पंधरा दिवस कधी सुरूच झाले नाहीत. पावती नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर भत्ता नाही, आणि अहवालात ‘मजुरांची मागणी नाही’. पुढचं स्थलांतर त्या कोऱ्या रकान्यातूनच निघतं.

तुमच्या प्रकल्पाचं म्हणाल तर माघ-फाल्गुनात जाऊ नका. सुगी असते, सगळ्यांच्या घरात ज्वारी असते, दोन्ही गावं सारखीच दिसतील. आषाढ-श्रावणात जा. सर्वेक्षणाचा फॉर्म पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. गाडी आली की पुढचे दोन दिवस रेशन दुकानासमोर बसा, संध्याकाळी सहानंतर विशेषतः. कोण येतं, कोण परत जातं, अंगठा आणि पिशवी एकाच वेळी हलतात का, ते बघा. उधारीची वही कुणाकडं आहे ते विचारा. ते सरळ कुणी सांगणार नाही, पण दळणाच्या गिरणीत बसलात तर दोन दिवसांत कळेल. आणि तक्रारवही मागा. कोरी दिली तर गाव सुखी आहे असं समजू नका. मी निरीक्षक असताना कोऱ्या वहीवरच शेरा मारायचो, ‘तक्रार नाही, समाधानकारक’.